गार इंजिन

बैल घ्यायचा झाला तर केरबा सख्ख्या बापाच्या शब्दावर जात नसे. स्वतः जबडा उघडून दात मोजी, खूर उचलून बघी, चार पावलं चालवून बघी, मग बोलणं. उंब्रजच्या बाजारात दलाल त्याला बघून तोंड फिरवायचे. आता असा माणूस इंजिनाच्या पायी फसावा, म्हणजे काय म्हणावं!

पण इंजिनाला दात नसतात, तिथंच घात झाला.

लढाई संपली तसा केरबाचा मेव्हणा मानसिंग पलटणीतून घरी आला. चार वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढलेली, बोलण्यात निम्मी इंग्रजी. केरबाच्या बायकोचा, शालूबाईचा हा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून तिनं त्याला कडेवर वागवलेला. तोच म्हणाला, "दाजी, मोट कसली हाकताय? नदीवर इंजान बसवा. जुनं घेऊ, मी बघून देतो."

केरबाचा दोन एकर ऊस सहा महिन्यांचा झालेला. त्यानं मोटेची बैलजोडी विकली. शालूबाईनं बैलांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि आत निघून गेली. आता इंजिन नाही तर पाणी नाही, आणि पाणी नाही तर ऊस नाही, एवढा साधा मामला होता.

आगगाडीत मानसिंगानं शिकवलं, "ध्येनात ठेवा दाजी. आधी इंजनाच्या डोक्यावर हात ठेवायचा. गरम लागलं, तर मालकानं आपल्या आधी चालवून ठेवलंया समजायचं. झिजलेलं इंजान गरम आसंल तर पटदिशी चालू हुतं, खोड कळत न्हाई. तसंच माघारी फिरायचं. गार इंजान कवा खोटं बोलत न्हाई."

केरबाला लय बरं वाटलं. घरचा माणूस जाणता असला की छाती कशी भरून येते!

रात्र त्यांनी सांगलीच्या धर्मशाळेत काढली. तांबडं फुटायच्या आधीच मानसिंग "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर गेला, तो चांगलं उजाडल्यावर परतला. मग दोघं विश्रामबागेच्या पलीकडं तात्याबाच्या वखारीत गेले. हा तात्याबा जुनी यंत्रं घ्यायचा-विकायचा. पौषातली थंडी, तोंडातनं वाफ निघत होती. पत्र्याच्या छपरात इंजिन उभं होतं, हिरवा रंग ताजा मारलेला. त्याच्या अंगाला चिकटून एक मांजर वेटोळं करून निजलं होतं.

"पाळलंयसा काय हेला?" केरबा तात्याबाकडं बघून हसला.

मानसिंगानं मांजराला हुसकावलं. इंजिनाच्या डोक्यावर पंजा ठेवला, क्षणभर तसाच राहिला आणि म्हणाला, "गार हाय, दाजी. बर्फागत."

केरबाचा हात पुढं झालाच होता. पण जाणत्यानं बघितल्यावर आपण पुन्हा चाचपायचं, म्हणजे त्याचा अपमान. त्यानं हात मागं घेतला. मानसिंगानंच हॅण्डल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडायला लागलं. सौदा झाला.

नदीवर इंजिन बसलं. पहिले दोन दिवस मानसिंग होता, घरातनं उकळतं पाणी नेऊन ओतायचा, मग ते चालायचं. "नवी जागा हाय, बसंल हळूहळू," म्हणाला आणि सांगलीला काम लागलंय म्हणून गेला. तिसऱ्या दिवसापासून इंजिनानं मान टाकली. हॅण्डल असं हलकं फिरायचं की आत दाबच नाही. पांढरा धूर ओकायचं आणि गप्प. केरबाच्या तळहातांना फोड आले. पाण्याची एक पाळी चुकली, दुसरी चुकली, उसाचे शेंडे पिवळे पडले. बांधावरनं जाणारे विचारायचे, "काय केरबा, बैल बरं व्हतं न्हवं?"

एका सकाळी तो चुलीपाशी हात शेकत बसला होता. चुलीच्या वैलाला चिकटून निजलेल्या मांजराला शालूबाईनं फुंकणी दाखवली, तरी ते हललं नाही. "थंडीचं मांजर हाय," ती म्हणाली, "ऊब सोडून गारठ्यात निजतंय व्हय!"

केरबाचा हात जागच्या जागी थांबला.

"काय झालं, आवं?"

त्यानं सगळं सांगितलं. वखारीतलं मांजर, पहाटे बाहेर गेलेला मानसिंग, बर्फागत इंजिन. शालूबाई ताडकन उठली. "माझा मान्या आसं करायचा न्हाई! काय बी बोलू नगा." पण आवाज चिरकला होता. केरबाला राग यायच्या आधी लाज वाटली. मांजराला कळलं ते आपल्याला कळलं नाही.

त्यानं सांगावा धाडला. मानसिंग आला तो नव्या खाकी कपड्यात. काम कुठं लागलं म्हणून विचारलं, तर तात्याबाच्याच वखारीत, मेस्त्री म्हणून. विश्वास पानिपतात मेला म्हणतात, इथं तर घरातच मेला होता.

केरबा त्याला नदीवर घेऊन गेला. मागनं शालूबाई. तिथं केरबानं त्याचं मनगट धरलं आणि पंजा इंजिनाच्या डोक्यावर टेकवला.

"सांग. कसं हाय?"

मानसिंगानं हात ओढून बघितला. केरबानं सोडला नाही.

"गार हाय, दाजी."

"आणि त्या दिवशी?"

मानसिंग बहिणीकडं बघू लागला. तीही त्याच्याकडंच बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण अजून वाट बघत होती, हा नाही म्हणेल म्हणून.

"तात्याबा म्हणला, ह्ये खपवलंस तर कायमचं काम देतो," मानसिंग पुटपुटला. "मला वाटलं, मी येऊन-जाऊन चालू ठेवीन तुमचं. कुणाला कळणार न्हाई."

केरबानं मनगट सोडलं. "तू बरुबर शिकवलं व्हतंस, गड्या. गार इंजान खोटं बोलत न्हाई."

शालूबाईनं पदरानं डोळे पुसले. मग पुढं झाली आणि तोच पंजा हातात घेतला, लहानपणी धरायची तसा.

"ह्यो हात ओवाळला मी," ती म्हणाली. "आता भाऊबीजेला येऊ नगंस."