वैगाच्या वाटणीचं पोर

शाळा उघडते त्या दिवशी सकाळी माझ्या वाटेला जायचं नाही, हे आमच्या गावात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. सहा वाजल्यापासून मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोन चुलींशी झुंजत असते. एकीवर रोजचा भात आणि मूग, दुसरीवर प्रवेशोत्सवाचं शेवयांचं पायसम, म्हणजे खीर. आणि नेमके तेव्हाच आमचे हेडमास्तर, सुगतन सर, दारातून मुंडी आत घालून विचारणार, "चेडत्ती, पुरेल ना?" चेडत्ती म्हणजे थोरली ताई; अख्खं गाव मला हीच हाक मारतं.

पुरेल. नाही पुरलं तर तुमच्या मिशा घालते त्यात.

या वर्षी मुंडीबरोबर आणखी एक विषय आत आला. "चेडत्ती, पहिलीला नव्या टीचर आल्यात, शिफाना म्हणून. पार कासरगोडच्या. पहिलीच नोकरी, रात्रभर गाडीत बसून आल्यात. ठरवलेली खोली आयत्या वेळी फिसकटली हो. तुमची माडीवरची खोली रिकामीच आहे, तर..."

"रिकामी नाही. माझ्या लिसीची आहे."

"पण लिसी कुवेतला..."

"कुवेतला आहे, कबरीत नाही! खोली तिचीच."

सरांनी मुंडी बाहेर काढली. मी डाव जरा जोरातच आपटला. तुम्हीच सांगा, या डोंगरात येतं कोण आणि टिकतं कोण? टीचर लोक जूनमध्ये येतात, ओणमच्या सणापर्यंत बदलीचा अर्ज करतात आणि नाताळाला पसार होतात. त्यांच्यात जीव गुंतवायचा आणि मग फाटकापर्यंत पोचवायला जायचं, हा धंदा मी कधीच बंद केलाय. पोटच्या लिसीला विमानतळावर पोचवून आले, तेवढं पुरे झालं मला.

तर प्रवेशोत्सव. फुगे, पताका, पंचायतीच्या मेंबराचं भाषण, हे सगळ्याच शाळांत असतं. आमच्याकडे वर एक रीत आहे. दुसरीच्या प्रत्येक पोराच्या वाटणीला पहिलीचं एक नवं पोर येतं. त्याला फाटकापासून हात धरून आणायचं, डोक्यावर फणसाच्या पानांची टोपी घालायची, हातात फुगा द्यायचा, नळ दाखवायचा, संडास दाखवायचा. आणि शाळा सुटली की त्याच्या घरच्या माणसाच्या हातात हात देऊन मगच आपण घरी जायचं. दुसऱ्या कोणाकडे द्यायचं नाही म्हणजे नाही. एके वर्षी एक कार्टं भलत्याच आजोबांबरोबर गेलं, त्यांच्याकडे मासे-भात जेवलं आणि झोपलं. अख्खं गाव विहिरी धुंडाळत होतं. तेव्हापासून हा नियम म्हणजे दगडावरची रेघ.

आता वैगा. दुसरीतली ही पोरगी म्हणजे लवंगी मिरची. गेल्या वर्षी ही नवी आली तेव्हा फाटकाला अशी लटकली की फाटकच निखळायची वेळ आली. तिला घ्यायला आलेल्या जॉबिनच्या हाताला कडकडून चावली. पण त्याने काही हात सोडला नाही. दात रुतलेला हात तसाच धरून तो तिला वर्गात घेऊन गेला. पठ्ठ्या अजून तो व्रण लोकांना दाखवत फिरतो.

तेव्हापासून वैगाच्या डोक्यात एकच. पुढच्या वर्षी आपल्यालाही पोर मिळणार. अख्खी सुट्टी तिने त्याच्यात घालवली. घरच्या शेळीला टोपी घालून अंगणभर हिंडवायची, "हा नळ, हा संडास" करत. शेळीने तीन टोप्या खाल्ल्या. वाटणीला आदिदेव नावाचा मुलगा आला होता, रबराच्या मळ्याखालच्या घरातला. त्याच्यासाठी तिने चौथी टोपी केली, एकेक पान निवडून, नारळाच्या हिरांनी टाचून. आठवडाभर मला येता-जाता बजावत होती, "चेडत्ती, माझ्या पोराला पायसम जास्त घाला हं. ते बारीक आहे."

त्या दिवशी फाटकाशी नुसती जत्रा होती. कोण छत्रीला मिठी मारून रडतंय, कोण आईच्या साडीला. एकेक पोर आलं, एकेकाला हात मिळाला, टोपी चढली. वैगा टाचा उंचावून रस्त्याकडे बघतेय. एका हातात टोपी, एका हातात लाल फुगा. आणि मग आदिदेवची मावशी आली. एकटीच.

"सर, त्याला आज सकाळी त्या इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसमध्ये बसवला हो. त्याच्या बापाने परस्परच ठरवलं."

सरांचं तोंड उतरलं. त्यांना पटाची काळजी. पण मला दिसत होती ती पोरगी. रडली नाही ती. फक्त म्हणाली, "बस चुकली असेल. येईल."

मेंबर भाषण करून गेले तरी ती फाटकाशीच. शेवटी मीच तिला काखोटीला मारून मागच्या अंगणात आणली, पायसमचा वाडगा पुढे ठेवला.

"खा."

"माझं पोर आल्यावर खाईन."

"अगं, येणार नाही ते. दुसऱ्या कोणाच्या पोराचा धर की एक हात."

"त्यांना त्यांचं माणूस आहे." मग हळूच म्हणाली, "मला नळाचं सगळं पाठ झालं होतं, चेडत्ती."

मी लाकडं फोडायला घेतली. माझ्या हातून काही फुटेना.

तिकडे पहिलीच्या वर्गात रणकंदन चाललं होतं. एकाने भोकाड पसरलं, की पाठोपाठ सगळ्यांनी. खिडकीतून डोकावणाऱ्या आयासुद्धा पदर डोळ्याला लावून तयार. तेवढ्यात मागच्या दाराने नव्या टीचर बाहेर आल्या. मी चुलीआड होते, त्यांना दिसले नाही. बाई कसली, शेलाट्या अंगाची पोरच ती. जिन्नस उतरवायच्या ओट्यावर बसली, ओढणी तोंडात कोंबली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी म्हटलं, झालं! ही तर ओणमही बघत नाही.

वैगाने मान वर केली. बराच वेळ नीट बघितलं. मग उठली, जवळ गेली.

"टीचर, तुमचा पण पहिला दिवस आहे?"

टीचरने मान हलवली.

"आई सोडून गेली?"

"आई... लांब आहे माझी. गावाला."

"इथे तुमचं कोण आहे?"

"कोणी नाही."

अगं माझ्या मरियमआई! त्या पोरीचा चेहरा असा उजळला, की दुसऱ्याच्या दुःखावर इतकं खूश झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. पळत जाऊन टोपी आणली. सहा वर्षांच्या डोक्याची टोपी ती, टीचरच्या केसांवर कुठली बसतेय! वैगाने माझ्या नव्या केरसुणीतला हीर उपसला आणि टोपी वेणीला टाचून टाकली. फुगा हातात दिला. आणि तिथून पुढे टीचरची सरळ 'तू' झाली.

"रडू नको असं मी म्हणणार नाही. जॉबिन म्हणाला होता, म्हणून मी चावले. तू रड. पण चालता चालता रड. चल."

आणि गेली की हो ती टीचर! मुकाट्याने हात धरून.

"हा नळ. एकदम फिरवायचा नाही, अंगावर उडतो. हा संडास. आतून कडी लागत नाही, पण मी बाहेर उभी राहीन. ही चेडत्ती. ओरडते. पण दुसऱ्यांदा मागितलं की वाढते."

"कोण ओरडते गं?" मी ओरडले.

"बघ," वैगा टीचरला म्हणाली.

तशीच तिला वर्गाच्या दारात नेऊन उभी केली. मीही डाव हातात घेऊन मागोमाग. आत आकांत. वैगाने दारावर थाप मारली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ही पण नवीन आहे. हिला पण रडू येतंय. हिला जवळ कोण घेतंय?"

नाक लाल, डोक्यावर पानांची टोपी, हातात फुगा, असली टीचर पोरांनी कुठे पाहिली असणार? एकेक भोकाड बंद पडत गेलं. पुढच्या बाकावरच्या एका गोबऱ्या पोराने हुंदका गिळला, सरकून जागा केली आणि बाकावर हात आपटला. टीचर त्याच्याजवळ बसली. पहिल्या दिवसाचा पहिला धडा असा झाला.

वैगा परत आली आणि दोन वाडगे पायसम चाटूनपुसून खाल्लं.

साडेतीनला शाळा सुटली. पोरं आपापल्या माणसांच्या हातात गेली. वैगाची आजी छत्री घेऊन उभी, आणि ही बया टीचरचा हात धरून फाटकात.

"चल की गं," आजी म्हणाली.

"माझं पोर गेलं नाही अजून."

सुगतन सर टीचरची बॅग घेऊन पुढे झाले. "वैगा, यांना मी गाडीने गावातल्या लॉजवर सोडतो हां. जा तू."

"तुम्ही हिच्या घरचे आहात?"

"मी हेडमास्तर आहे बाळा."

"घरचे आहात का?"

सरांनी मिशीवरून हात फिरवला. नियम त्यांनीच केलेला.

"वैगा, मी जाईन बरं का," टीचर म्हणाली. टोपी अजून डोक्यावरच होती, पानं कोमेजायला लागलेली.

वैगाने हात सोडला नाही.

आणि काय सांगू, मला लिसी दिसली. कुवेतच्या विमानतळावर उतरली असेल तेव्हा, हातात बॅग, ओळखीचं कुत्रं नाही. कोणी धरला असेल का तिचा हात? तीन वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटते मला.

मी हात पुसले आणि फाटकाशी गेले.

"दे इकडे ते पोर. मी आहे तिच्या घरची."

वैगाने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नक्की?"

"नक्की. माडीवर खोली आहे तिची."

सर खोकले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की उरलेला खोकला त्यांनी गिळून टाकला.

मग वैगाने टीचरचा हात माझ्या हातात दिला. थंडगार होता तो, आणि घामेजलेला. आजीच्या छत्रीखाली शिरली, चार पावलं गेली आणि परत फिरली.

"चेडत्ती, रात्री रडली तर रडू दे तिला. ओरडू नका," ती म्हणाली. "आणि उद्या वेळेवर आणा."