रंगुबाई थांबली तेव्हा

मुठीतला खडू घामानं ओला झाला होता. शाळेतून निघताना तो ठेवायचा राहून गेला, आणि आता पाझर तलावाच्या बांधावर, मार्चच्या उन्हात, पुष्पावती अंगठ्यानं त्याचा भुगा करत होती... समोर कामाची पाहणी करायला आलेल्या साहेबांची जीप, जीपच्या बॉनेटवर पसरलेला नकाशा, आणि नकाशापासून चार पावलांवर, डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन उभी असलेली रंगुबाई.

खरं तर मीच बोलायला हवं होतं, तिला वाटत होतं. नगरच्या कॉलेजात वक्तृत्वाची ढाल जिंकलेली मी, या गावातली एकमेव शिक्षिका मी. पण रविवारी बायकांनी ठरवलं — दुष्काळी कामावर माती वाहणाऱ्यांपैकीच कुणीतरी साहेबांशी पाण्याबद्दल बोलायचं. आणि सगळ्यांनी रंगुबाईकडे बघितलं.

ही रंगुबाई! दिवाळीनंतर पुष्पावतीनं शाळेच्या ओसरीवर बायकांसाठी बोलायचा वर्ग सुरू केला — दर रविवारी एकेकीनं उभं राहायचं, मनातलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं — तेव्हा पहिल्या दिवशी ही ‘मी रंगुबाई’ एवढंच म्हणून पदरात तोंड लपवून खाली बसली होती. पुढच्या रविवारी चारा छावणीत बांधलेल्या गाईबद्दल दोन वाक्यं. मग चार. ती अडखळली की पुष्पावती लगेच शब्द पुरवायची, अगदी वर्गातल्या मुलांना पुरवावा तसा, आणि एकदा रंगुबाई शांतपणे म्हणाली होती, “बाई, तुमी शब्द दिला की माझा पळतो.”

किती लागलं होतं ते... दोन दिवस लागून राहिलं होतं.

“सायेब,” रंगुबाई बोलू लागली, “आमी त्या टोकाला खांदतो. टँकर हितं मुकादमाच्या तंबूपाशी लागतो. आमी येईस्तोवर...”

आणि ती थांबली.

वारा नव्हता. कुणीतरी खोकलं. साहेबांनी घड्याळात बघितलं. पुष्पावतीच्या जिभेवर अख्खं वाक्य तयार होतं, ‘माणुसकीच्या दृष्टीनं’पासून सुरू होणारं, घोटीव; पण तिनं दात आवळले. कॉलेजातल्या भाषणांत तीही थांबायची — वहीत लाल पेन्सिलीनं खूण केलेली असायची, ‘इथे थांबणे’ — पण हे थांबणं तसलं नव्हतं, हिला खरंच काहीतरी शोधायचं होतं, आणि इतक्या माणसांदेखत शोधत राहायची हिला लाज वाटत नव्हती.

मुकादम आबासाहेब हसले. “झालं का, रंगुबाई? सायबांना फुडं जायचंय.”

“थांबा जरा,” ती साहेबांनाच म्हणाली. “मला नीट सांगायचंय.”

आणि साहेब थांबले. नकाशाची घडी घालणारे त्यांचे हात तसेच राहिले.

“ही चांगुणा. हिला सातवा हाय. बुधवारी पान्याला चालत येताना पडली. टँकरच्या टाकीत नुसता गाळ हुता. तोच मी पदरानं गाळला आन् हिला पाजला.” आवाज चढला नाही, थरथरलाही नाही. “मी मागत काय न्हाई, सायेब. तुमी माझ्यासंगं त्या टोकापर्यंत पायी चला. मंग टँकर कुठं लावायचा, ते तुमीच सांगा.”

साहेबांनी जीपकडे बघितलं. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते चालू लागले. रंगुबाई त्यांच्या एक पाऊल पुढे, वाट दाखवत. मागून चांगुणा, मागून सगळ्या बाया, पाट्या तिथंच टाकून. आबासाहेबही निघाले.

पुष्पावती जागेवरच राहिली. टँकर हलेल की नाही, कुणास ठाऊक. साहेब परत येऊन नकाशाची घडी घालतील आणि निघूनही जातील... पण त्या बाईनं एका अधिकाऱ्याला उन्हात चालायला लावलं होतं, हात न जोडता, आणि ते पाहताना आपल्याला नेमकं काय वाटतंय, हे पुष्पावती शोधत होती. अभिमान? हो. आणि त्याच्या तळाशी बारीकसं काहीतरी टोचणारंही. मत्सर असेल... असू दे, तिला वाटलं, तोही असू दे.

मागे वळून कुणी तिला हाक मारली नाही. बांधाच्या मध्यावर रांग लहान लहान होत चालली होती. आपण कधी असं काही सांगितलंय का, जे आपण स्वतःच्या पदरानं गाळलं होतं? ती आठवू लागली. आठवत राहिली. काहीच सापडेना, आणि तरीही — याचंच तिला नवल वाटलं — तिला घाई नव्हती.