सुईजवळची तलवार

ओर्तेन्सिया बेलान्दीने लोहचुंबक अजून हातातही घेतलं नव्हतं, तोच टेबलावरची होकायंत्राची सुई हलली.

"हलली की!" विद्वत्सभेचे अध्यक्ष, सरदार ग्विदालोत्ती, टेबलावर ओणवे होत म्हणाले. "चुंबक तर पेटीतच आहे. मग वीज आली कुठून, बाईसाहेब? तुमच्या शालीतून?"

सभागृह खदखदून हसलं.

"तुमच्या कमरेची तलवार सुईला ओढतेय," ओर्तेन्सिया म्हणाली. " ती बाहेर ठेवून या."

"सभा चालू असताना अध्यक्ष तलवार उतरवत नाही. माझ्या आजोबांनीही कधी उतरवली नाही."

"तुमचे आजोबा होकायंत्रावर पोट टेकवून उभे राहत नसतील."

कुणीतरी खोकलं. तारेच्या वेटोळ्यात चुंबक सरकवलं, की तारेत क्षणभर वीज उठते आणि ती तारेजवळची सुई हलवते, एवढंच तिला दाखवायचं होतं. नवरा गेल्यापासून ती त्याच ध्यासात होती. सभेने मान्य केलं तरच शोध तिच्या नावावर लागणार होता, आणि बाईमाणसाला सभेचं दार पुन्हा उघडणार नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ फुल्जेन्झिओ, गावचा पाद्री, घाईघाईने उठला. "क्षमा करा, सरकार. एकटी राहून तिची जीभ तिखट झालीय."

 ओर्तेन्सियाने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. "सिद्ध झालं नाही. सभा संपली." आणि तलवार खणखणवत ते बाहेर पडले.

सुई शांत झाली. ओर्तेन्सियाने दात आवळून चुंबक वेटोळ्यात खुपसलं. सुईने झटका घेतला आणि पुन्हा जागेवर आली. टोपी घालता घालता म्हातारे प्राध्यापक तेबाल्दो थबकले.

"पाहिलंत ना? मग सांगा त्यांना!"

"घंटेनंतर दिसलेलं सभेला दिसलेलं नसतं, बाई," ते पुटपुटले आणि निघून गेले.

फुल्जेन्झिओने छातीवर क्रूसाची खूण केली. "ताई, देवाची करणी!"

"देवाने केलं, मी शोधलं, आणि तू माफी मागितलीस. जा, तो अध्यक्ष बग्गीत बसायच्या आत ती माफी परत घेऊन ये."

"अगं, दर रविवारी प्रार्थनेनंतर मी त्यांच्याच पंगतीला असतो..."

बाहेर बग्गी हलली. फुल्जेन्झिओ जागचा हलला नाही.

"तर मग तिथेच जेव," ती तार गुंडाळत म्हणाली. "माझ्या घरी तुझं ताट मांडणार नाही."