वेगळा तवा

सुविधाची बदली निपाणीच्या शाखेत झाली, तेव्हा सामानात सगळ्यात आधी बांधला गेला तो जेवणाचा डबा. तीन वर्षांपूर्वी बेळगावच्या डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं, की गहू तुमच्या आतड्यांना सोसत नाही. चपाती, पाव, रवा, मैदा, शेवया, सगळं जन्मभर बंद. चिमूटभरसुद्धा नको. तेव्हापासून ती बाहेर कुठेच जेवली नव्हती. लग्नाला जाताना घरून जेवून जायची. बँकेतले सगळे हॉटेलात निघाले की 'पोट बरं नाही' म्हणायची, आणि ते खोटंही नसायचं.

एका सोमवारी डब्यातली आमटी सगळी पिशवीत सांडली. कॅशियर नागेंद्र म्हणाला, "म्याडम, मागच्या गल्लीत जयाबाईंची खानावळ आहे. शाळूची, ज्वारीची भाकरी मिळते. चला की."

भाकरी म्हटल्यावर ती निघाली.

खानावळ म्हणजे घराचीच पुढची खोली. चार बाकं, आणि आत स्वयंपाकघर उघडंच. जयाबाई पन्नाशीच्या होत्या. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याची कंबर तंबाखूच्या वखारीत पोती उचलताना गेली, तेव्हापासून हे घर त्यांच्या परातीवर चाललं होतं.

"आक्का, या भाकरीत गव्हाचं पीठ मिसळता का?" सुविधानं विचारलं.

"छ्या! भाकरीत गहू कशाला घालीन? निव्वळ शाळू. बघा की ह्ये." जयाबाईंनी पिठाची मूठ उघडून दाखवली.

भाकरी ज्या तव्यावर पडत होती, त्याच तव्यावरून त्यांनी नुकतीच चपाती काढली होती. ते सुविधानं पाहिलं. 'माझ्यासाठी वेगळा तवा मिळेल का?' हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला. गरम भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा, वर दह्याची वाटी. ती दोन भाकऱ्या जेवली.

संध्याकाळी तिनं बेळगावला आईला फोन केला. तानीबाईंना आनंद झाला, पण काळजीही वाटली. "त्या बाईला सांग की गं, माझ्यापुरता तवा वेगळा ठेव म्हणून."

"आई, 'वेगळं ठेवा' असं मी कसं म्हणू?"

ती कशामुळं असं म्हणते, ते तानीबाईंना कळलं. सुविधाच्या आजीसाठी गावच्या हॉटेलात कप बाहेरच्या कोनाड्यात असायचा. चहा वरून ओतायचे. पिऊन झालं की आजीनंच तो विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती.

"ते त्यांनी केल्यालं," आई म्हणाली. "ह्ये तुझं दुखणं हाय."

"कळतंय गं. पण तोंडातून निघत नाही."

तिनं सांगितलं नाहीच. तीन आठवडे ती रोज दुपारी जयाबाईंकडे जेवली. बाकावर शेजारी नेहमी भरमू गुरुजी असायचे. शाळेतून निवृत्त झालेले, चार चपात्यांचं गिऱ्हाईक. ते जेवता जेवता पेपरातल्या बातम्या सांगायचे. इतक्या दिवसांनी कुणाच्या तरी पंगतीला बसून जेवताना सुविधाला दोन घास जास्तच जायचे. पण दुसऱ्या आठवड्यात पोट फुगायला लागलं. मग तोंड आलं. एके दिवशी कर्जाच्या फाइलवर सही करताना हात इतका गळून गेला, की ती पेन ठेवून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पुन्हा डबा सुरू केला.

आठ-दहा दिवसांनी जयाबाई बँकेत आल्या. पासबुक पुढे केलं, पण नजर सुविधाकडे होती. "म्याडम, माझं काय चुकलं का?"

"नाही हो आक्का."

"गुर्जी म्हनाले, म्याडम डबा घिऊन जात्यात, हिकडं वळून बी बघत न्हाईत. माझ्या हातचं नको वाटलं तर तसं सांगायचं. मी काय रागाला येत न्हाय." रागावल्या नव्हत्या, पण दुखावल्या होत्या.

सुविधाला लाज वाटली. तिनं त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. गहू, तवा, पोट, डॉक्टर.

"गव्हानं बाधतंय?" जयाबाईंनी पासबुक मिटून पिशवीत टाकलं. "आन् तुम्ही तवा बघून बी गप बसला? सांजच्याला या. माझ्या चुलीम्होरं हुबं ऱ्हावा, आन् काय काय बाधतंय त्याच्यावर बोट ठेवा."

बँक सुटल्यावर सुविधा गेली. तवा एकच, परात एकच. कणीक मळलेल्या परातीतच भाकरीचं पीठ. गिरणीचं तेवढं बरं होतं, तिथं ज्वारीची चक्की निराळी होती. मग तिनं फळीवरची हिंगाची डबी उचलली. मागच्या बाजूला बारीक कन्नड अक्षरं होती. शाळेत शिकलेलं कन्नड आज कामाला आलं. 'गोधी हिट्टु' असं तिथं छापलेलं होतं. गव्हाचं पीठ.

"हिंगात?" जयाबाईंनी डबी तिच्या हातातून घेतली. "सोळा वर्सं ह्येच हिंग वापरतोय आमी. रोज आमटीत. मी तुमाला मूठ उघडून दावली, आन् आमटीत गहू वाढला!"

"तुम्हाला कुठं माहीत होतं?"

"माझ्या हातचं खाऊन कुणी आजारी पडलं न्हवतं, बाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि झटकन वळल्या. मांडणीवरून एक कोरं ताट काढलं. "आजपासनं ह्ये तुमचं. ह्याच्यावर खूण करते. तांब्या वेगळा, तवा वेगळा. दुसऱ्या कुनाला त्येला हात लावू देत न्हाय."

"नको, आक्का."

आवाज एवढा चढेल असं तिलाही वाटलं नव्हतं. जयाबाई ताट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मग सुविधानं त्यांना आजीच्या कपाचं सांगितलं. फार काही नाही, चार वाक्यं. सांगताना ती गॅसच्या चुलीकडे बघत होती.

कुकरची शिट्टी झाली, तरी जयाबाई हलल्या नाहीत.

"आमच्या घरात बी हुता तसला कप," शेवटी त्या म्हणाल्या. "परसात. मी ल्हान हुते. वरनं च्या वतायला मलाच धाडायचे. लांबनं वत, म्हनायचे." त्यांनी ते कोरं ताट बाकीच्या ताटांच्या चळतीत ठेवून दिलं. गॅस बंद केला. मांडणीकडे, परातीकडे, मागच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "असं करू. तुमचं कायबी वेगळं नको. गव्हालाच भाईर घालवते."

"म्हणजे?"

"मागच्या पडवीत शेगडी हाय, दिवाळीला काढतो ती. पोळपाट, लाटणं, कणकीचा डबा, सगळं तिकडं. चपात्या तितंच हुतील. ह्या चुलीवर आता शाळू आन् भात. हिंग उद्या बदलते, नसंल मिळत तर लसणाची फोडणी."

"एका माणसासाठी एवढं?"

"जेवायला येनारं प्रत्येक मानूस येकच असतंय की, बाई."

त्या रविवारी जयाबाईंनी जुनी परात आणि तवा पडवीत नेले आणि बाजारातून दोन्ही नवे आणले. सुविधा डबी-पुड्यांवरचं वाचून दाखवायला गेली. दोन मसाले बाजूला निघाले. पोट लगेच सुधारलं नाही, महिना-सव्वा महिना गेला. तोवर ती डबा आणत राहिली, पण जेवायला खानावळीतच जाऊन बसायची, गुरुजींच्या शेजारी. तोंड बरं झालं, जेवण अंगी लागायला लागलं, तेव्हा एका बुधवारी तिनं डबा घरी ठेवला.

जयाबाईंनी तिला काही न विचारता वाढलं. भाकरी, झुणका, लसणाची आमटी, भात. आणि पहिला घास घेईपर्यंत कमरेवर हात ठेवून समोरच उभ्या राहिल्या.

"बसा की आक्का," सुविधा म्हणाली.

"खावा आदी."

तेवढ्यात भरमू गुरुजींनी ताट थोडं पुढं सारलं. "जयाबाई, ह्या चपात्या आताशा गार येतात बघा. पडवीतून इथवर येईपर्यंत वाफ जाती."

"गार लागत्यात तर भाकरी खावा, गुर्जी."

गुरुजींनी शेजारच्या ताटाकडे पाहिलं, जरा विचार केला. "द्या एक," ते म्हणाले.

"मलाही," सुविधा म्हणाली.