खर्च कोणाचा?

"अभ्यास मांडण्याआधी खर्च कोणाचा, ते सांगा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. या समितीचा तो रिवाजच होता.

"प्रकाशक संघाचा," दादा म्हणाला. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

अंधांसाठी कोणतंही पुस्तक प्रकाशकाच्या परवानगीशिवाय ध्वनिमुद्रित करता येईल, अशी कायद्यात सवलत होती. ती राहणार की जाणार, याचा आज निकाल. या सवलतीने पुस्तकांचा खप बुडतो, असं दादाचा अहवाल सांगत होता.

मग त्याची धाकटी बहीण उठली. "खर्च माझाच. शिकवण्या घेते, त्यातून." तेवढ्यावर सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि दादाला ते खुपलं. हिला आकडे वाचायला शिकवलं कोणी? यानेच, शेजारी बसवून. मत्सर मोठा निलाजरा पाहुणा. कडी लावलेल्या दारातूनही आत येतो, पाय पसरून बसतो आणि घरधन्यालाच म्हणतो, तू जरा बाहेर थांब.

काल ती त्याच्या घरी आली होती. "दादा, माझ्या मागे ना कचेरी, ना सोबती. माझ्या अभ्यासावर तूच एकदा नजर घाल."

त्याने घातली. चूक लगेच दिसली. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या तिने नवी पुस्तकं म्हणून धरल्या होत्या. त्यामुळे खपाचा आकडा फुगला होता.

"ठीक वाटतंय," तो म्हणाला.

"तू ठीक म्हणालास? म्हणजे देवच पावला मला!" ती हसत हसत गेली.

आता ती म्हणत होती, "सवलतीने खप घटला नाही, उलट वाढला."

दादा उभा राहिला. "या बाईंनी एकच पुस्तक दोनदा मोजलंय." आणि कुठे कुठे, तेही त्याने सांगितलं. संघाचे सचिव गालातल्या गालात हसले.

धाकटीने पानं उलटली. तिचे कान लाल झाले. "यांचं बरोबर आहे. खप वाढला, हे माझं म्हणणं खोडा. पण घटलाही नाही. होता तिथेच आहे. माझे सगळे आकडे इथेच ठेवते, कोणीही पाहा." खाली बसताना ती हळूच म्हणाली, "काल दिसलं नव्हतं का रे, दादा?"

दादाने आपला अहवाल मिटला.

"तुमचे आकडे बघायला मिळतील?" अध्यक्षीणबाईंनी त्याला विचारलं.

त्याने सचिवांकडे पाहिलं. "ती संघाची मालमत्ता आहे," सचिव म्हणाले.

"मग जो तपासता येतो, तोच अभ्यास आम्ही धरू."

सवलत राहिली. चूक काढली याने आणि मान वाढला तिचा! तिच्याभोवती माणसं जमली. दादा तिला न भेटताच बाहेर पडला.

जिन्याच्या तोंडाशी पांढरी काठी घेतलेले एक मास्तर उभे होते. "जरा हात देता? आवाज ओळखला मी. चूक काढणारे तुम्हीच ना?"

"हो."

"कमाल आहे त्या शिकवणीवाल्या बाईंची, चूक लगेच मानली. तपासायला माणूस त्यांनीच नेमला होता की काय?"

"हो," दादा म्हणाला. "काल."

"तुम्ही कोण त्यांचे?"

दादाने पायरी आली म्हणून सांगितलं. वळण आलं, तेही सांगितलं. सपाट जमीन लागली तेव्हा मास्तरांनी हात सोडला आणि ते उत्तरासाठी थांबून राहिले.

"भाऊ," दादा म्हणाला. "थोरला."