सत्तेचाळीस नंबरची डबल बेल

माझ्या मामाने एका परक्या शहराची सार्वजनिक बस, भर दुपारी, आतल्या प्रवाशांसकट, बावीस मिनिटं आपल्या ताब्यात ठेवली.

असं काही झालेलं नाही. बस कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद नाही, घरी आम्ही तो विषय काढत नाही आणि मामीने फोनवर विचारलं तेव्हा मी तिला इथल्या हवामानाची सविस्तर माहिती दिली. तेव्हा वरचं वाक्य कोणी वाचलंच नाही असं समजू आणि सोमवारपासून सुरुवात करू.

मामा चौतीस वर्षं बसवर कंडक्टर होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण खांदा अजून कातडी पिशवीच्या बाजूने झुकलेला आहे. लिफ्टमध्ये शिरला की तो म्हणतो, "मागे जागा आहे, आत सरका." लिफ्टमध्ये एकटा असला तरी म्हणतो.

त्याचं आयुष्याबद्दल एकच मत आहे. बस कंडक्टर चालवतो, ड्रायव्हर नुसता चाक धरून बसतो. "बेल दिली की हलतो, बेल दिली की थांबतो. अक्कल असती तर बेल कशाला लागली असती?" हे तो गमतीने म्हणत नाही. त्याच्या सख्ख्या साडूने चांगली कारकुनी सोडून ट्रक चालवायला घेतला, तेव्हा मामाने त्याच्याशी अकरा वर्षं बोलणं टाकलं. साडू समोर आला की मामा त्याच्या पलीकडच्या भिंतीशी बोलायचा.

आणि ताई, म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी, माझी मामेबहीण, या परक्या शहरात बस ड्रायव्हर आहे. मार्ग सत्तेचाळीस. आली होती ऑफिसच्या नोकरीवर, पण वर्षभरात ते ऑफिस बंद पडलं आणि बसवाल्यांना माणसं हवी होती. मामाला तिने सांगितलं, "मी वाहतूक खात्यात आहे, बाबा." खोटं एक अक्षर नाही. पुढचं मामाने स्वतःच जोडलं आणि आमच्या अख्ख्या गल्लीला कळवलं की पोरगी तिकडे वाहतुकीची साहेब आहे, खाली चाळीस माणसं आहेत. चाळीस माणसं होतीच. फक्त खाली नव्हती, मागे होती.

मामाने मुलीकडे जायचा हट्ट धरला तेव्हा मामीने गुडघ्याचं कारण काढलं आणि मला सोबत दिलं. विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझं काम एकच. आठ दिवस त्यांना सत्तेचाळीसपासून लांब ठेव. कळलं तर पुढच्या विमानाने परत येतील आणि पोरीशी बोलणं टाकतील. साडूच्या वेळी अकरा वर्षं लागली. आता तेवढी त्यांच्याकडे आहेत का, ते तूच बघ."

मी म्हटलं, टॅक्सीने फिरवतो. मामा म्हणाला, "टॅक्सीतून शहर दिसत नाही, मीटर दिसतं. बसने फिरायचं."

ताईचं घर म्हणजे एक खोली, एक ओटा आणि उघडला की दार अडवणारा सोफा. ती पहाटे साडेचारला बाहेर पडायची, गणवेश पिशवीत घालून.

"एवढ्या पहाटे कुठलं ऑफिस उघडतं?" मामाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"परदेशात दिवस लवकर सुरू होतो," मी म्हटलं.

"आणि हिचा डावा हात उजव्यापेक्षा काळा कसा?"

"टेबल खिडकीपाशी आहे, बाबा," ताई म्हणाली आणि दोन्ही हात पिशवीमागे घेतले.

सोमवारी आम्ही किल्ला बघायला निघालो. सत्तेचाळीसने किल्ला नऊ थांब्यांवर आहे. मी मामाला बारा नंबर, मग अठ्ठ्याऐंशी, मग एका फर्निचरच्या दुकानातून आरपार चालत जाऊन पाच नंबर, अशा रस्त्याने नेलं. दुकानात मामा एका पलंगावर बसला आणि म्हणाला, "किल्ल्यात निजायची सोय बरी होती." मग त्याने पलंगाला लटकलेली किमतीची चिठ्ठी बघितली.

"भाचेबुवा, तो सत्तेचाळीस थेट जातो. पाटीवर किल्ल्याचं चित्र आहे."

"तो लांबचा किल्ला. हा जवळचा."

"जवळच्याला तीन बस?"

"रस्ता बघण्यासारखा आहे."

बुधवारपर्यंत या बघण्यासारख्या रस्त्यांवर मामाने चार दवाखाने, एक सिमेंटचं गोदाम आणि पालिकेचं कुत्र्यांना शिस्त लावायचं मैदान बघितलं होतं. मैदानावर तो रमला.

पण खरा घोटाळा बेलचा झाला. इथे बसमध्ये कंडक्टर नसतो. पास यंत्रासमोर धरायचा, यंत्र हुंकार देतं, झालं. उतरायचं असलं की खांबावरचं लाल बटण दाबायचं. टिंग वाजतं आणि ड्रायव्हर पुढच्या थांब्यावर थांबतो. मामाच्या हाताला चौतीस वर्षांची सवय. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. माणसं चढून झाली, दारं मिटली, की मामाचा हात आपोआप लाल बटणावर. टिंग टिंग.

बारा नंबर पुढच्या थांब्यावर थांबली. तिथे कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. दारं उघडली, मिटली. टिंग टिंग. बस पुढच्याही थांब्यावर थांबली. असे अकरा थांबे. बाराव्याला ड्रायव्हर उठून आला, लाल बटणाकडे जवळून बघितलं, त्यावर फुंकर घातली आणि परत गेला.

"डबल देऊनही थांबतो," मामा म्हणाला. "याला खात्यात कोणी घेतलं?"

"मामा, इथे एकदा दाबा की दहादा, अर्थ एकच. थांब."

"मग निघायला कोण सांगतं?"

"कोणी नाही. तो आपला आपण निघतो."

मामाने दोन थांबे वळून दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "मागे कोणाचा पदर दारात अडकलाय, कोणाचं पोर अर्धं खाली आहे, हे त्याला कसं कळतं?"

"आरशात बघतो."

"आरशात तर मीपण तरुण दिसतो."

त्यानंतरही डबल बेल द्यायचं त्याने सोडलं नाही. ड्रायव्हरला आज ना उद्या वळण लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. तीन दिवसांत आम्ही या शहरातल्या एकूण एक थांब्यावर थांबलो असू.

गुरुवारी बघायचं एकच उरलं, समुद्राकाठचा घड्याळाचा मनोरा. तिथे सत्तेचाळीसशिवाय काहीच जात नाही, आणि मनोरा तर ताईच्या ओट्यावर टांगलेल्या दिनदर्शिकेवरच छापलेला होता. मी हिशेब केला. ताईची पाळी एक वाजता संपते. दोन वाजता सत्तेचाळीसवर कोणीही असेल, ती नसेल. दोनच्या बसला बसलो तर मामीची अट मोडणार होती, पण मुद्दा सांभाळला जाणार होता. माझ्या हिशेबात एक गोष्ट नव्हती. दुपारच्या ड्रायव्हरची दाढ, जी नेमकी त्याच दिवशी ठणकली.

आम्ही मधल्या दाराने चढलो. बस निम्मी भरली होती. चाकांची पिशवी ओढणारी एक म्हातारी, हेल्मेट मांडीवर घेतलेला एक गवंडी, बाबागाडीवाली एक आई. ड्रायव्हरची जागा इथे डावीकडे, काळसर काचेच्या खोपट्यात बंद. मामाने तिकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरचं तोंड बघायचं नाही हा त्याचा नियम. "बघितलं की गप्पा सुरू होतात आणि गाडी लेट होते." मी मात्र आरशात बघितलं. आरशात ताईच्या केसांतला पिवळा चाप होता.

मी म्हटलं, "मामा, उतरू या. मला मळमळतंय."

"खिडकी उघड," मामा म्हणाला. दारं मिटली होती. टिंग टिंग.

बस निघाली.

पुढच्या थांब्यावर कोणी नव्हतं. बस थांबली नाही. तशीच पुढे गेली.

मामा बसला होता तो उभा राहिला. त्याने लाल बटणाकडे बघितलं, मग आपल्या बोटाकडे. एकदा दाबलं. टिंग. बस पुढच्या थांब्यावर हलकेच टेकली. दोन शाळकरी मुली चढल्या. मामाने मागे बघितलं, पुढे बघितलं. टिंग टिंग. दुसरी टिंग विरायच्या आत चाकं फिरली.

"भाचेबुवा," मामा हळू आवाजात म्हणाला, "हा ड्रायव्हर शिकलेला आहे."

"योगायोग असेल, मामा. खाली बस."

आता तो कसला खाली बसतो. त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. एका हाताने दांडी धरली, दुसरा हात लाल बटणावर, आणि पुढची बावीस मिनिटं जे झालं नाही ते असं. मामाने प्रत्येक थांबा मराठीत पुकारला. नावं त्याला माहीत नव्हती, म्हणून जे दिसेल ते. "चला, चष्म्याचं दुकान. कारंजं, कारंजंवाले पुढे या." गवंड्याला त्याने नुसत्या भुवईने उठवलं आणि म्हातारीला त्याच्या जागी बसवलं. दारापाशी घोळका करून उभे राहणाऱ्यांना सांगितलं, "मागे जागा आहे, आत सरका," आणि त्या परक्या देशाची माणसं एक अक्षर न कळता आत सरकली. मागे खरंच जागा होती. बाबागाडीचं चाक दाराच्या फटीत अडकलं तेव्हा मामाचा हात बटणावरून उठलाच नाही, आणि चाक सुटेपर्यंत बस जागची हलली नाही. त्या आईने मामाला कसलासा आशीर्वाद दिला. मामा म्हणाला, "लहान मुलाला तिकीट नाही."

मी आरशात बघत होतो. ताई आरशात बघत होती. मी मान हलवली, नको नको. ती काय करणार. तिच्याही चेहऱ्यावर तेच होतं, नको नको, आणि पाय मात्र डबलला सुटत होता.

मग मामा विचारात पडला. मी ओळखून होतो, तो विचारात पडला की कोणाचं तरी भलं होत नाही.

"एक बघू का?" तो म्हणाला. "आमच्या डेपोत माझी नि माझ्या ड्रायव्हरची एक खासगी बेल होती. दोन, एक, दोन. म्हणजे पुढच्या थांब्यावर गाडी बंद कर, चहा घेऊ. वरच्या साहेबालाही ठाऊक नव्हती."

"मग इथे कोणाला ठाऊक असणार?"

"तेच बघतो."

टिंग टिंग. टिंग. टिंग टिंग.

पुढचा थांबा आला. बस थांबली. इंजिन बंद झालं. एकदम एवढी शांतता झाली की म्हातारीच्या पिशवीतल्या बरण्या ऐकू आल्या.

ती बेल माहीत असलेली माणसं जगात तीन. एक मामा, दुसरा त्याचा ड्रायव्हर, तो केव्हाच वारला. तिसरी, सुट्टीत बापाच्या बसमध्ये इंजिनच्या झाकणावर बसून दिवस काढणारी एक मुलगी.

तो दांडी धरत धरत पुढे गेला आणि काळ्या काचेवर टकटक केलं. काच सरकली.

"बाबा," ताई म्हणाली. "पहिल्याच डबलला ओळखलं होतं मी. थांबायला हवं होतं. पाय ऐकेना."

"किती वर्षं?"

"तीन."

"आणि ते टेबल? खिडकीपाशीचं?"

ताईने डावा हात चाकावरून उचलून दाखवला. मामा त्या हाताकडे बघत राहिला. मी तेवढ्यात परतीच्या विमानांच्या वेळा मनात लावून टाकल्या. मागे चाळीस माणसं काही न विचारता बसून होती. मामाने त्यांना एवढी शिस्त लावली होती.

"घाई करतेस," शेवटी मामा म्हणाला. "डबल पुरी होऊ द्यावी, मग गाडी सोडावी. दुसरी टिंग विरायच्या आधी निघतेस."

"हो बाबा."

"कंडक्टर कोण आहे तुला?"

"इथे नसतो, बाबा."

"नसतो म्हणजे? आज आला नाही?"

"कधीच नसतो. कोणत्याच बसला."

"म्हणजे दिवसभर या पेटीत तू एकटी? मागे बोलायला कोणी नाही, चहाची बेल द्यायला कोणी नाही?"

"नाही."

मामाने खोपट्यात डोकं घालून आत बघितलं. एक पाण्याची बाटली, अर्धं बिस्किट, एक स्वेटर. साडूच्या वेळी त्याची जशी मान वळायची तशी ती वळेल म्हणून मी वाट बघत होतो. ती वळली नाही.

"मला वाटायचं ड्रायव्हर माजोरडे असतात म्हणून बोलत नाहीत," तो म्हणाला. "बेल देणाराच नसला तर बोलणार कोणाशी?"

तेवढ्यात ताईचा वायरलेस खरखरला. बस का थांबली, असं नियंत्रण कक्ष विचारत होता. ताई त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तपासनीस चढलेत म्हणून."

मामाने सदरा खाली ओढला, मागे गेला, सगळ्यांवर एक नजर टाकली आणि डबल दिली. ताईने ती पुरी होऊ दिली.

मनोरा आम्ही बघितला नाही. शेवटच्या थांब्यावर बस कंपनीची एक चौकी आहे, तिथे सूचना नि तक्रारींचे कोरे अर्ज आणि एक पेटी ठेवलेली असते. मामाने अर्ज घेतला आणि ताईची सुट्टी होईपर्यंत बाकावर बसून लिहीत राहिला. मी म्हटलं, मराठी इथे कोणाला वाचता येत नाही, भाषांतर करून देतो. तो म्हणाला, भाषांतरात अर्जाचं वजन जातं. मग त्याने तो मला वाचायला दिला, शुद्धलेखन बघायला, आणि पेटीत टाकला. तो असा:

प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, शहर बस सेवा, यांचे सेवेशी.

विषय: मार्ग क्र. ४७ वर कंडक्टर नेमणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर मार्गावरील महिला ड्रायव्हर या सिंगल बेलला थांबतात व डबल बेलला निघतात, याची अर्जदाराने आज रोजी समक्ष खात्री केली आहे. तथापि सदर ड्रायव्हर यांस बेल देणारे कोणीही नेमलेले नाही, ही बाब गंभीर आहे. तरी सदर जागेवर अर्जदाराची विनावेतन नेमणूक करण्यात यावी. अर्जदार हा आपल्या देशात पर्यटक असून येत्या सोमवारी परत जाणार आहे, सबब त्याची मुदत सेवानिवृत्तीच्या वयापर्यंत वाढवून मिळावी. अर्जदार अगोदरच सेवानिवृत्त असल्याने सदर वय आपल्या स्तरावर नव्याने ठरविण्यात यावे व तसे ड्रायव्हर यांस वायरलेसवरून कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.