राज्यपालांच्या टेबलाची खालची बाजू

मित्रांनो, मी राज्यपालांच्या सरकारी बंगल्यातलं एक जुनं जेवणाचं टेबल आहे. चोवीस माणसं एकमेकांना कोपर न लावता माझ्याभोवती जेवू शकतात. तुमच्या घरातलं टेबल दारातून आत आलं असेल. मी तसा आलो नाही. मी आतच जन्मलो, आणि त्याला कारण एका सुताराचा विसरभोळेपणा.

बंगला बांधत होते तेव्हाची गोष्ट. जेवणघराला अजून दारं बसायची होती. सुतारबुवांनी खोलीचं माप घेतलं, अक्रोडाच्या फळ्या तिथेच तासल्या, जोडल्या, घासल्या. मी तयार झालो आणि मग दार बसलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की हे धूड आता बाहेर जायचं नाही. आडवं धरलं तर भिंत आड येते, उभं केलं तर छत. मुकादम डाफरला. सुतारबुवा शांतपणे म्हणाले, "जेवणघरातलं टेबल बाहेर जाऊन करणार काय?"

पहिले राज्यपाल मिशाळ आणि करड्या शिस्तीचे. त्यांची सहा वर्षांची लेक मेजवानी लांबली की माझ्याखाली जाऊन बसायची. निरोपाच्या दिवशी सामान गाडीत चढलं, तरी पोरगी सापडेना. साहेबांनी वाकून पाहिलं, तर ती पाठीवर पडून माझ्या पोटावर पेन्सिलीनं नाव लिहीत होती. तेही सरकारी मालमत्तेवर! साहेब गुडघ्यांवर बसले, आत सरकले आणि बराच वेळ त्यांचे चकचकीत बूट तेवढे बाहेर दिसत राहिले. निघाले तेव्हा मिशीला कोळिष्टक होतं, आणि लेकीच्या नावाखाली त्यांची सही होती.

तेव्हापासून रीतच पडली. शेवटच्या दिवशी मेजवानीत वाढणारे आमचे वाढपीकाका जाणाऱ्या राज्यपालांच्या कानाशी लागायचे, आणि साहेब कोट उतरवून माझ्याखाली शिरायचे. येणाऱ्याला मात्र पत्ता लागू द्यायचा नाही. ज्यानं त्यानं जातानाच समजून घ्यायचं. एक साहेब पोटामुळे अडकले, त्यांना दोघांनी पाय धरून ओढून काढलं. एकांची कारकीर्द चाळीस दिवसांची. त्यांनी लिहिलं, 'आलो, बसलो, निघालो.' आणखी एकांनी सहीपुढे लिहिलं, 'पाच वर्षांत सूप एकदाही गरम मिळालं नाही.' वाढपीकाका ते वाचून दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

माझे ते दिवस वैभवाचे होते. पाहुणे माझ्या चकाकीत आपला भांग बघून घ्यायचे. नदीला पूर आला त्या वर्षी तर आठ दिवस माझ्यावर औषधांची पुडकी बांधली गेली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण नुसतं शोभेचं लाकूड नाही.

पुढे मेजवान्या आटल्या. साहेबलोक खोलीतच ताट मागवू लागले आणि माझ्यावर फायलींचे गठ्ठे चढले. वाढपीकाका निवृत्त झाले, पण जाताना रीत मावशीच्या कानावर घालून गेले. मावशी म्हणजे तीस वर्षं दर सोमवारी मला पॉलिश करणारी बाई. आमची कामं दोन, ती बोलते आणि मी ऐकतो.

मग नव्या राज्यपालबाई आल्या. चपळ, कामाच्या, रिकामं कौतुक न करणाऱ्या. त्यांना या खोलीत लोकांना भेटायचं होतं, आणि त्यासाठी जागा मोकळी हवी होती.

"हे टेबल हलवा," त्या सचिवांना म्हणाल्या.

"दारातून निघत नाही, मॅडम."

"मग कापा. दोन तुकडे करा."

मावशी तेव्हा मला पुसतच होती, आणि तिला पेच पडला. सांगावं तर रीत मोडते, न सांगावं तर टेबल मोडतं. त्या दुपारी ती मला घासता घासता म्हणाली, "तुला मेल्या तोंड असतं तर माझ्या जिवाला हा घोर लागला नसता."

दुसऱ्या दिवशी सुतार करवत घेऊन आला. सचिव आणि बाईही आल्या. सुतारानं कानावरची पेन्सिल काढून माझ्या पाठीवर रेघ मारायला हात उचलला, तोच मावशी पुढे झाली.

"वरून नको रे दादा. कालच पॉलिश केलंय. खालून मार रेघ."

"कापायचंच आहे ना मावशी? मग पॉलिशचं काय लोणचं घालायचंय?"

"माझ्या समाधानासाठी म्हण."

कुरकुरत सुतार खाली गेला. तो बाहेर येईना. सचिव बघायला वाकले, तेही येईनात. शेवटी बाई साडी सावरून स्वतःच आत शिरल्या. मग खालून हसू फुटलं, अगदी शाळकरी मुलीचं.

"सूप! अहो, सूप मलाही गारच मिळतं."

बाई कोपरावर रेलून तोंड बाहेर काढत म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"छे हो बाईसाहेब. मी आपली वरूनच पुसते."

"मग खालच्या बाजूला सह्या सांभाळून इतकं पॉलिश कुणी केलंय?"

मावशीनं हातातलं फडकं पदराआड लपवलं.

बाईंनी सुताराची पेन्सिल मागितली. पण आता मावशी ठाम होती. "आज नाही. सही जायच्या दिवशी."

"म्हणजे तुम्ही माझ्या जाण्याची वाट बघणार?"

"टेबलाला काही घाई नाही, बाईसाहेब."

करवत आली तशी परत गेली. आता दर बुधवारी अर्ज घेऊन आलेली माणसं माझ्याभोवतीच बसतात. चोवीस खुर्च्यांत राज्यपालांची खुर्ची कोणती, हे त्यांना विचारावं लागतं. सूपही गरम येऊ लागलंय.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकायचं ठरलं, तर तिच्याकडे नुसतं वरून बघू नका. करवत आणण्याआधी एकदा गुडघे टेकून खाली वाका. कपडे मळतील, मळू द्या. आणि माझी काळजी करू नका. माझ्या पोटावर सूपवाल्या साहेबांच्या शेजारी एका सहीपुरती जागा आहे, आणि मावशी दर सोमवारी तिथे जरा जास्तच वेळ घासते.